वहीजवळ बसायला कोण आहे?

या अंकासाठी संपादकांनी ‘संध्याकाळ’ हा विषय दिला, तेव्हा दिवेलागण, शुभंकरोती आणि परवचा एवढे तरी प्रत्येक मराठी लेखकाला हमखास आठवले असणार. त्यातला परवचा इथे कामाचा आहे. पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे सारे तिन्हीसांजेला म्हणून घेणाऱ्या आजीला स्वतःला लिहिता-वाचता येत असेच असे नाही. ती बसायची, पोरे ओळीने समोर बसायची आणि कुणी अडखळले की तिला कानाने कळायचे. शिकवणे हे पंतोजींचे काम. ठरल्या वेळी तिथे असणे हे आजीचे. अर्थात हे सगळ्या घरांत नव्हते. अक्षराची मुभा असलेल्या मोजक्या जातींच्या घरांतच ते होते, आणि ते विसरून परवच्याचे गोडवे गाण्यात हशील नाही. तरीही मुलांच्या अभ्यासाला घरची मदत म्हणजे नेमके काय, हे त्या आजीकडे पाहिले की कळते. खामगावच्या संध्याकाळीकडे या लेखात त्याच नजरेने पाहिले आहे.

पाच ते साडेसात

बुलढाणा जिल्ह्यातले खामगाव हे मुळात कापसाचे गाव. १८७० मध्ये जलंबहून रेल्वेचा फाटा इथपर्यंत ओढला गेला तो कापसाच्या गाठींसाठी. चांदीच्या कारागिरीमुळे ते रजतनगरी म्हणवते. राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून उभे राहिलेले टिळक राष्ट्रीय विद्यालय इथलेच. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ९४ हजार होती. मराठी, उर्दू, हिंदी आणि मारवाडी या चारही भाषा बाजारात एका दमात ऐकू येतात, आणि शाळाही मराठी, उर्दू, इंग्रजी अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या आहेत. कोजागरीला मोठ्या देवीचा शांती महोत्सव सुरू होतो. त्याच्या आगेमागे दोन गोष्टी येतात: शाळेत सहामाही परीक्षा आणि शेतात सीतादही करून कापसाची पहिली वेचणी. तालुक्यातल्या हजारो मुलांचे वर्ष या दोहोंच्या मध्ये सापडलेले असते.

दुपारची शाळा पाचच्या सुमारास सुटते आणि एकाच वर्गातल्या मुलांच्या वाटा फाटकाशीच फुटतात. काहींना दप्तर न उतरवताच शिकवणीला जायचे असते. सायकलच्या हँडलला डबा अडकवलेला असतो. काही एसटी स्टँडकडे पळतात, कारण पिंपळगाव राजा किंवा लाखनवाड्याकडची गाडी चुकली तर पुढची कधी, याचा भरवसा नसतो. काही बाळापूर फैलात, सुटाळ्यात, घाटपुरीच्या बाजूला घरी जातात आणि कुलूप उघडतात. माय कामावरून यायची असते, बाप हमालीवर किंवा जिनिंगच्या पाळीत असतो. धाकट्याला सांभाळणे, पाणी भरून ठेवणे, चूल नाहीतर गॅस पेटवून भात टाकणे ही कामे आधी होतात. बाईंनी गृहपाठ वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेला असतो. पण घरातला एकुलता स्मार्टफोन बापाच्या खिशात असतो आणि तो रात्री नवाला घरी येतो. तोवर लेकरू पेंगलेले असते. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला वही तपासली जाते, तेव्हा या सगळ्या वाटांची नोंद दोनच शब्दांत होते: ‘केला’ किंवा ‘केला नाही’.

नियमांच्या बाजूने पाहिले तर तक्रारीला जागा नाही. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणाने गृहपाठाची मर्यादा घालून दिली आहे: दुसरीपर्यंत मुळीच नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास, सहावी ते आठवीला रोज तासभर आणि नववीपासून पुढे रोज दोन तास. सहावीतल्या मुलाला रोज एक तास हे काही अवाजवी नाही. मात्र धोरणाने तास मोजले, तो तास कुठे आणि कुणाच्या शेजारी बसून काढायचा हे घरावर सोडले. घर म्हणजे काय, हे मात्र नांदुरा रोडच्या बंगल्यात आणि फैलातल्या एका खोलीत सारखे नसते. पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय ‘पिसा’ चाचणी २०१२ मध्ये झाली, तेव्हा हेच आकड्यांत दिसले होते. विकसित देशांतली मुले आठवड्याला सरासरी पाच तासांच्या आसपास गृहपाठ करत होती, पण सुस्थितीतल्या घरांतली मुले गरीब घरांतल्या मुलांपेक्षा दीड तासाहून अधिक वेळ त्यावर बसत होती. शाळेने सगळ्यांना सारखेच काम दिले तरी ते पार पाडण्याची सोय सारखी नसेल, तर अंतर शाळेबाहेर वाढते आणि त्याचे गुण शाळेत पडतात.

पंधरा किलो कापूस

गृहपाठात अडणे म्हणजे काय होते, हे एका उदाहरणात बारकाईने पाहू. सहावी-सातवीच्या धर्तीचे गणित घ्या: १५ किलो कापसाची किंमत १,०८० रुपये, तर ४० किलोची किती? एकमान पद्धतीने आधी एका किलोची किंमत काढायची, १,०८० भागिले १५, म्हणजे ७२. मग ७२ गुणिले ४०, म्हणजे २,८८०. अडलेले मूल बहुधा १५ आणि ४० यांचा गुणाकार करून मोकळे होते, कारण ‘किती’ विचारले की मोठे उत्तर यायला हवे एवढे त्याला कळलेले असते. आता हेच गणित वेचणीवरून आलेल्या मायला तोंडी विचारा. ती कदाचित भागाकार करणारच नाही. पंधराचे दोन झाले तीस, त्याचे २,१६० झाले; उरले दहा, ते पंधराच्या तीन हिश्शांतले दोन, त्याचे ७२०; झाले २,८८०. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, वजन रोज काट्यावर होते आणि हिशेबात चूक झाली तर स्वतःचेच पैसे जातात. त्यामुळे हे गणित तिच्या बोटांवर असते. मुलालाही ते येत असते. शेतावर मायच्या गाठोड्याचे पैसे तो चुटकीसरशी सांगतो. वहीत मात्र त्याला ते येत नाही.

या दुराव्याचा मोठा पुरावा अलीकडेच हाती आला आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत दुकानावर बसणाऱ्या मुलांची पाहणी केली आणि २०२५ मध्ये ती ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली. सुट्ट्या पैशांचे अवघड हिशेब झरझर करणारी ही मुले त्याच तोडीची पुस्तकी गणिते मांडताना अडली. उलट बाजूही तितकीच खरी निघाली: जी मुले शाळेतली गणिते बरी सोडवत होती, त्यांना बाजारातले हिशेब जमेनात. म्हणजे ‘अनुभवातून आपोआप येते’ हे जितके खोटे, तितकेच ‘पुस्तक पक्के केले की व्यवहार येतो’ हेही खोटे. दोन्ही किनाऱ्यांना जोडणारे कुणीतरी लागते.

आता मदतीचे प्रकार पाहा. गाइड असेल तर त्यात तीन ओळींचे तयार उत्तर असते. मूल ते उतरवते आणि वहीवर बरोबरची खूण मिळवते. मोबाइल असेल तर गणिताचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर येते, तेही उतरवले जाते. शिकलेला काका असेल तर तो ‘दे इकडे’ म्हणत स्वतःच सोडवून टाकतो. या तिन्ही वाटांनी गृहपाठ पूर्ण होतो आणि तिन्ही वाटांनी त्याचा उद्देश बुडतो. मूल कुठे अडते ते दुसऱ्या दिवशी शिक्षकाला दाखवणे, हा गृहपाठाचा खरा उपयोग. चाळीस वह्यांत चाळीस बरोबर उत्तरे आली की शिक्षक पुढच्या धड्याला लागतो. उतरवलेला गृहपाठ ही शिक्षकाला दिलेली खोटी खबर असते. त्यापेक्षा १५ आणि ४० चा प्रामाणिक, चुकीचा गुणाकार शंभरदा बरा. शेजारी बसलेले माणूस खरे उपयोगी तेव्हा पडते, जेव्हा ते विचारते: तू हे का गुणलेस? मग मायची रीत आणि बाईंची रीत एकाच पानावर शेजारी शेजारी लिहायला लावते आणि दोन्हींचे उत्तर एकच का आले, ते मुलालाच शोधू देते. याला दहा मिनिटे लागतात. पदवी लागत नाही, धीर लागतो.

शिकवणी आहे, मग अडचण काय?

पहिला आक्षेप इथेच येईल. गल्लोगल्ली क्लासेस आहेत, परवडतील असे घरगुती शिकवणीवर्ग आहेत. ज्याला गरज आहे तो जातोच की. जातो हे खरे. केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक सर्वेक्षणानुसार देशातले २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणीला जात होते. शहरांत हे प्रमाण ३०.७ टक्के आणि खेड्यांत २५.५ टक्के. शिक्षणाची वार्षिक स्थिती मोजणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पहिली ते आठवीच्या मुलांचे शिकवणीचे प्रमाण २०१८ मध्ये २६.४ टक्के होते, ते २०२२ मध्ये ३०.५ टक्क्यांवर गेले. म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक घरांनी सरकारची वाट न पाहता आपली सोय आपण केली. पण आकडा उलटा वाचला तर जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांना ही सोय नाही, आणि नाही ती कुणाला, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

शिवाय शिकवणी आणि गृहपाठाची मदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लासचा स्वतःचा अभ्यासक्रम असतो, तो शाळेच्या पुढे पळतो, त्याची वेगळी वही आणि वेगळा गृहपाठ असतो. सातवीतला मुलगा क्लासहून साडेसातला येतो तेव्हा त्याच्यापुढे दोन गृहपाठ असतात. शाळेचा उतरवायचा आणि क्लासचा करायचा, अशी वाटणी तो स्वतःच करून टाकतो, कारण पैसे क्लासला दिलेले असतात. दहावीच्या वर्षी तर अपेक्षित प्रश्नसंचापुढे पाठ्यपुस्तकाला कुणी विचारत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई केली आहे, आणि ती योग्यच आहे. वर्गात अर्धे शिकवून उरलेले घरी विकण्याचा मोह त्याने रोखला जातो. पण त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा अध्यापन देणे हे शिक्षकाचे कर्तव्य म्हटले आहे, ते कलम कुणाच्या फारसे बोलण्यात येत नाही. मनाईची अंमलबजावणी होवो न होवो, कर्तव्याची सोय मात्र कुणीच केली नाही.

वह्यांचा विषय निघालाच आहे तर प्रकल्पवह्यांचेही सांगून टाकावे. २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय यांना जागा मिळाली. कल्पना उत्तम होती. ती घरी पोचली तेव्हा तिचे रूपांतर झेरॉक्सच्या दुकानात झाले. ‘पाण्याचे स्रोत’ सांगा, रंगीत चित्रे छापून मिळतात. थर्माकोलचा ज्वालामुखी स्टेशनरीवाल्याकडे तयार असतो. यात मुलाचा हात फक्त नाव घालण्यापुरता लागतो. दुकानदाराला दोष देता येत नाही. गिऱ्हाईक म्हणून रात्री साडेआठला दमलेला बाप उभा असतो आणि प्रकल्प उद्या द्यायचा असतो.

‘मले येत नाही’

दुसरा आक्षेप अधिक नैतिक आहे. मुलांचा अभ्यास घेणे हे आईबापांचे काम. मोबाइल बाजूला ठेवा, मालिका बंद करा, लेकरांजवळ बसा. पालकसभेत हे वाक्य हमखास ऐकू येते. आणि मागच्या बाकावर पदर सावरून बसलेल्या बाईच्या मनात एकच उत्तर असते: “मले येत नाही बापा, मी काय सांगू?” तिच्या या उत्तरात दोन चुकीच्या समजुती दडलेल्या आहेत. आपल्याला येत नाही ही एक. ती किती खोटी ते कापसाच्या हिशेबात दिसलेच. अभ्यास घ्यायचा म्हणजे शिकवायचे ही दुसरी.

करोनाच्या काळात शाळा बंद होत्या तेव्हा ‘असर’ने फोनवरून पाहणी केली. जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांना घरातून अभ्यासात काहीतरी मदत मिळत होती. ज्यांचे आईवडील किमान नववी शिकलेले, त्यांच्यात हे प्रमाण ८९ टक्क्यांच्या घरात होते. आणि आईवडील पाचवीच्या पुढे न गेलेल्या घरांतही निम्म्याहून अधिक मुलांजवळ कुणीतरी बसत होते. तिथे आईबापांच्या जोडीने मोठी भावंडे पुढे आली. हा भाग लक्षात ठेवण्यासारखा आहे. नववीतली ताई चौथीतल्या भावाचा अभ्यास घेते तेव्हा भावाचा फायदा होतो. ताईचा स्वतःचा अभ्यास मात्र रात्री दहानंतर सुरू होतो. स्वयंपाक, भांडी आणि भाऊ, या तिन्हींच्या खाली तिची वही असते. ‘घरात मदत आहे’ या टक्केवारीत तिची ही वेठ मोजलेली नाही.

आईने करण्यासारखे मात्र बरेच आहे आणि ते राज्याने करून पाहिले आहे. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात गावोगावी माता-पालक गट झाले. शाळेत जाऊ घातलेल्या मुलांच्या आयांनी एकत्र बसून डाळी वेगळ्या करणे, गोष्ट सांगणे, वस्तू मोजणे असल्या कृती करून घ्यायच्या, एकीने बाकीच्यांना सांगायचे, अशी ती रचना. साक्षरता ही त्यात अट नव्हती. हाच धागा वरच्या वर्गांपर्यंत नेता येतो. वाचता न येणारी आई मुलाला सांगू शकते: मोठ्याने वाच, मला ऐकव, आता काय वाचलेस ते तुझ्या शब्दांत सांग. अडखळला की तिला कळते, सांगता आले नाही की समजलेले नाही हेही कळते. वऱ्हाडीत सांगितले तरी चालते. ‘मले’चे ‘मला’ उद्या शाळेत होईल. उर्दू शाळेतल्या मुलीचा मराठीचा धडा तिच्या शेजारणीने ऐकून घेतला, तर दोघींचे भले.

पण हे सारे घर जागेवर असेल तेव्हा. वेचणीच्या महिन्यांत आईच रात्री सातला येते. दिवाळीच्या सुट्टीचा भरगच्च अभ्यास शाळा देते नेमका तेव्हा, जेव्हा मोठी मुले आईच्या मागे ओळीत कापूस वेचत असतात. सुट्टीनंतर त्या वह्या कोऱ्या येतात आणि शेरा पडतो तो ‘पालक लक्ष देत नाहीत’ असा. आईबापांना दोष देण्याआधी त्यांच्या कामाची वेळ पाहायला हवी.

वडगावचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. साडेआठला दुसऱ्यांदा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी वाचायचे किंवा बोलायचे. करोनानंतर मुलांच्या हातचा फोन सुटेना, म्हणून सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली. आधी हसणाऱ्यांची संख्या कमी नव्हती, पण बायकांनी ती उचलून धरली. शिक्षक, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघर फिरले. बातमी देशभर गेली.

भोंग्याने अभ्यास होत नाही, हे उघड आहे. पण त्याने एक गोष्ट साधली जी एकट्या घराला साधत नाही: सगळ्या गावाची वेळ एक केली. शेजारच्या घरात मालिका चालू असताना आपल्या पोराला वहीवर बसवणे किती अवघड, हे कुठल्याही आईला विचारा. वेळ सार्वजनिक झाली की आईचे भांडण वाचते. परवच्याच्या आजीचे काम इथे गावाने केले.

खामगावात मात्र हा भोंगा जसाच्या तसा चालणार नाही. लाखाच्या आसपासच्या शहरात कुणाचा सात वाजताचा भोंगा कुणी ऐकायचा? इथे सातला बाजार चढतीवर असतो, जिनिंग चालू असते, दुकाने उघडी असतात. आणि वडगावने वेळ दिली तरी जागा घरचीच राहिली. एका खोलीत सहा माणसे असतील तर फोन बंद करून तरी कोपरा कुठून आणायचा? मुंबईत वरळीला बीडीडी चाळींच्या परिसरातली मुले पिढ्यान्‌पिढ्या एका शांत रस्त्यावर दिव्याखाली अभ्यास करत आली. ती ‘अभ्यास गल्ली’ आता महापालिकेने सजवली आहे. चाळीत वेळ होती, जिद्द होती, नव्हती ती जागा.

जागेचा विचार सरकारने केलाच नाही असे नाही. मानव विकास कार्यक्रमात २०११ पासून बुलढाण्यासह २२ जिल्ह्यांतल्या १२५ मागास तालुक्यांत ज्या योजना आल्या, त्यांतल्या मुलींच्या निळ्या बस सगळ्यांना ठाऊक आहेत. त्याच यादीत माध्यमिक शाळांमध्ये अभ्यासिका सुरू करण्याचीही योजना होती. बस डोळ्यांना दिसते, म्हणून ती लक्षात राहिली. आज तालुक्याच्या गावांत ‘अभ्यासिका’ म्हटले की वेगळेच चित्र उभे राहते: खुर्चीचे मासिक भाडे, वायफाय, एसी आणि स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तके. बावीस वर्षांच्या तरुणाला बसायला जागा विकत मिळते. बारा वर्षांच्या मुलाला फुकट सोडा, विकतही मिळत नाही.

रिकाम्या वर्गांच्या किल्ल्या

मग उपाय काय? गृहपाठच बंद करावा, असे एक मत आहे. २०२२ मध्ये तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी तसा विचार बोलूनही दाखवला होता. लहान वर्गांपुरते ते बरोबरच आहे. अमेरिकेतले हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सोळा-सतरा वर्षांचे संशोधन एकत्र तपासले, तेव्हा गृहपाठ आणि गुण यांचा संबंध सातवीपासून पुढे बऱ्यापैकी दिसला, खालच्या वर्गांत मात्र अगदी क्षीण होता. पण बंदीने काय होते, ते फ्रान्सकडे पाहून समजते. तिथे प्राथमिक शाळांत लेखी गृहपाठाला १९५६ पासून बंदी आहे, तरी तो दिला जातच राहिला, कारण पालकांना तो हवा असतो. शेवटी माध्यमिक शाळांसाठी त्यांनी २०१७ मध्ये दुसरी वाट धरली: गृहपाठ शाळेतच, मोठ्यांच्या देखरेखीखाली, मोफत. चीनने २०२१ मध्ये गृहपाठ आणि खासगी शिकवण्या दोन्हींना कात्री लावली, तेव्हा शाळा सुटल्यावर त्याच इमारतीत मुलांना थांबवून अभ्यास करून घेण्याची सोयही सक्तीने करावी लागली. आपल्याकडे शिकवण्या बंद करा म्हटले आणि बसायची जागा दिली नाही, तर फक्त गरिबाची घरगुती शिकवणी बंद होईल. मोठ्या क्लासला वेगळे नाव मिळेल.

दुसरी वाट खामगावला परवडते का? नगरपालिकेच्या आणि संस्थांच्या शाळांमधल्या बऱ्याच खोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात. बाके आहेत, दिवे आहेत, बहुतेक ठिकाणी पंखेही आहेत. हवे आहे ते माणूस. इथे महाराष्ट्रातलाच जुना पुरावा उपयोगी पडतो. ‘प्रथम’ संस्थेने मुंबईत आणि नंतर बडोद्यात ‘बालसखी’ नेमल्या: वस्तीतल्याच, जेमतेम दहावी-बारावी झालेल्या तरुणी, दोन आठवड्यांचे प्रशिक्षण, महिना ५०० ते ७५० रुपये मानधन. तिसरी-चौथीत मागे पडलेली पंधरा-वीस मुले दिवसाचे दोन तास त्यांच्याजवळ बसायची. बॅनर्जी, डुफ्लो, कोल आणि लिंडन यांनी ही योजना काटेकोर तपासली आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले: मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ होती, आणि ती सर्वांत जास्त मागे असलेल्या मुलांत सर्वांत जास्त होती.

आजच्या दराने हिशेब मांडून पाहू. वीस मुलांमागे एक ताई, शाळा सुटल्यावर दीड तास, मानधन महिन्याला ५,००० रुपये धरले तर दहा महिन्यांचे ५०,००० होतात. मुलामागे वर्षाला २,५००. केंद्राच्या २०२५ च्या त्याच सर्वेक्षणात शहरी भागात विद्यार्थ्यामागे खासगी शिकवणीवर वर्षाला सरासरी ३,९८८ रुपये खर्च होत होते, ग्रामीण भागात १,७९३. म्हणजे ही रक्कम समाजाच्या ताटात आहे, फक्त ती एकेका घराच्या खिशातून, ज्याच्याकडे आहे त्याच्याच खिशातून जाते आहे. ताईने नवीन धडा शिकवायचा नाही, प्रश्नसंच सोडवून घ्यायचे नाहीत. शाळेने दिलेला गृहपाठ मुलाकडून करून घ्यायचा, अडले तिथे प्रश्न विचारायचे आणि निघताना एका समाईक वहीत दोन ओळी लिहायच्या: आज सातवीची नऊ मुले गुणोत्तरात अडली, ‘प्रति किलो’ म्हणजे काय ते कळत नाही. सकाळी शिक्षकाने ती वही वाचली की त्याचा पहिला तास त्या दोन ओळींवर बेतता येतो. मोबाइलवरून उतरवलेले उत्तरही इथेच पकडले जाईल. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता, त्यांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. फोन काढून घेण्यापेक्षा, त्यातले उत्तर समोर ठेवून ‘ही तिसरी पायरी का घेतली ते सांग’ असे विचारणारे कुणी असणे जास्त कामाचे.

शिक्षकांवर आणखी एक ओझे, असा आक्षेप निघेल, आणि मतदार याद्यांपासून ऑनलाइन माहिती भरण्यापर्यंतची त्यांची कामे पाहता तो खोटा नाही. म्हणूनच या दीड तासात शिक्षकाला ठेवू नये. त्याच्या वाट्याला ती दोन ओळींची वही पुरे. संध्याकाळी मुली कशा घरी जाणार, हा आक्षेप जास्त गंभीर आहे. त्यावर उपाय वेळेचा आहे: घरी जाऊन परत यायचे नाही, शाळा सुटली की तिथेच थांबायचे, सव्वापाच ते पावणेसात, सोबत मूठभर चुरमुरे-शेंगदाणे. घरी गेलेली मुलगी परत येत नाही. तिला भांडी दिसतात. शाळेत थांबलेली मुलगी निदान दीड तास कुणाची ताई नसते. गाडीने येणाऱ्या मुलांचे मात्र यात भागणार नाही. एसटीचे वेळापत्रक शाळेच्या सोयीने बदलत नाही हा आजवरचा अनुभव आहे, त्यामुळे लाखनवाड्याच्या मुलांसाठी लाखनवाड्याचीच शाळा उघडावी लागेल आणि ताईही तिथलीच शोधावी लागेल. बारावी झालेल्या, लग्न होऊन आलेल्या, शिवणयंत्रावर बसलेल्या अशा मुली प्रत्येक गावात आहेत.

निर्णय घ्यायला नवा कायदा लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्मे सदस्य महिला. वर्ग संध्याकाळी वापरू देण्याचा ठराव ही समिती करू शकते. दुसऱ्या सत्रात एका शाळेने दोन खोल्यांत सुरुवात केली तरी चालेल. फेब्रुवारीपर्यंत त्या समाईक वहीत शंभरेक नोंदी जमतील आणि पुढचे बोलणे त्यांवरून करता येईल. मानधनाला दाते मिळतील, खामगावच्या व्यापारी पेठेत देणाऱ्यांची वाण नाही. वीजबिलावर फारसे अडणार नाही. अडेल ते एकाच ठिकाणी: फाटकाची किल्ली शिपायाकडे असते, त्याची वेळ साडेपाचला संपते, आणि सातपर्यंत थांबण्याचा जादा भत्ता कुठल्या शीर्षाखाली द्यायचा, यावर मुख्याध्यापक नगरपालिकेकडे बोट दाखवतील आणि नगरपालिका शिक्षण विभागाकडे.